सोलापुरातल्या जुन्या गाड्या : महिन्यातून एकदा बॉनेट उघडून भेटायचं का?

सातरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ज्यांच्या दारात, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शेतावरच्या गोठ्यात एखादी जुनी मोटार उभी आहे आणि ती भंगारात घालायला ज्यांचा हात धजत नाही, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. फियाट, अँबॅसेडर, हेराल्ड, जीप, पहिल्या वर्षांतली मारुती, काहीही चालेल. गाडी चालू असलीच पाहिजे अशी अट नाही.

प्रस्ताव साधा आहे. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी गाड्या एका जागी आणायच्या, बॉनेट उघडायचं आणि दोन-तीन तास गाड्यांवरच बोलायचं. स्पर्धा नको, फीत कापायला कोणी नको. पाहुणा एकच : गावातला एखादा जुना मिस्त्री. त्याच्या त्या दिवसाच्या कामाचे पैसे आपण वर्गणी काढून द्यायचे आणि त्यानं आपल्याला एकच काम नीट दाखवायचं. या महिन्यात कार्बोरेटर, पुढच्या महिन्यात ब्रेक, मग पत्र्याचं जोडकाम.

मिस्त्रीच का, ते सांगतो. जुन्या गाडीचे पार्ट आज ना उद्या कुठून तरी मिळतात. मुंबईत शोधा, दिल्लीला फोन करा, नाहीच मिळाला तर लेथवर बनवून घ्या. पण गाडी चालू करून नुसता कान लावून "तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय" असं सांगणारा माणूस कुरिअरनं मागवता येत नाही. आपल्या गावात भवानी पेठेपासून अक्कलकोट रोडपर्यंत ज्यांनी आपल्या वडिलांच्या गाड्या सांभाळल्या, ते मिस्त्री आता सत्तरीला टेकलेत. त्यांची मुलं स्कॅनर लावून गाड्या दुरुस्त करतात. ते योग्यच आहे, नव्या गाड्यांना तेच लागतं. पण प्लगला ठिणगी पोचवणारे पॉइंट घासून गॅप लावणं, कार्बोरेटरची फ्लोट लेव्हल नजरेनं ओळखणं, पुट्टी न थापता हातोडीनं मडगार्ड सरळ करणं ही कामं त्यांच्याकडून आत्ता शिकून घेतली नाहीत, तर आपल्या गाड्या शोभेच्या होतील.

आणि हा पुण्या-मुंबईकडचा शौक आहे असं सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. शेठ वालचंद हिराचंद आपल्या गावात १८८२ साली जन्मले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी त्यांच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, फियाट त्यानंतर आली. १९५३ मध्ये शेठजी गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आलेली फियाट ११००, म्हणजे पुढची दारं उलटी उघडणारी ती ‘डुक्कर फियाट’, त्यांना बघायला मिळाली नाही. पुढे १९६४ मध्ये डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. २००० सालाच्या आसपास ती बंद झाली आणि मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून संपली. त्यामुळे सोलापुरात एखादी पद्मिनी रस्त्यावर दिसते तेव्हा मला तिच्यावर आपल्या गावाचा हक्क वाटतो.

आमच्याकडे हँडलगिअरची, म्हणजे स्टिअरिंगशेजारी गिअर असलेली, पद्मिनी आहे, १०८९ सीसीचं मूळ इंजिन, रंगही मूळचाच. तुमच्याकडे काय आहे ते लिहा. जागा आणि वेळही सुचवा.

अंबी_मार्क३

मालक, पहिलं नाव माझं लिहा. अँबॅसेडर मार्क ३, पांढरी, नई जिंदगीत असते. वडील मिलमध्ये होते, ती मिल गेली पण गाडी राहिली.

या गाडीचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू का? इंजिनात हात घालायला जागा आहे. १४८९ सीसीचं ते मॉरिसचं इंजिन, दोन्ही बाजूंनी मोकळं. आमच्या मिस्त्रींनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे या इंजिनाला पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचाही पंधरा थाऊ. म्हणजे फीलर गेजची ती एक पाती खिशात असली की अर्ध्या तक्रारी रस्त्याच्या कडेला मिटतात. पॉइंटवर काळा डाग पडला असेल तर बारीक पॉलिश पेपर घडी घालून मध्ये धरायचा, दोनदा ओढायचा, मग कोरा कागद ओढून भुकटी काढायची. कागदावर काळी रेघ उमटायची थांबली की झालं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि मग गाडी पुन्हा मिस मारते.

अँबॅसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, तरी या गाडीचे बरेच पार्ट अजून मिळतात. तुमची मिस्त्रींची कल्पना मला शंभर टक्के मान्य. आमचे मिस्त्री आता हातात पाना धरत नाहीत, पण खुर्ची टाकून बसले तरी पुष्कळ शिकवतील.

लोबोनेट

दादा, मी बार्शीचा. नावावरून कळलंच असेल, लो बॉनेट विलीज जीप आहे, आजोबांनी लिलावात घेतलेली.

एक विचारायचं होतं. मला मूळ अवस्थेतल्या गाड्या आवडतातच, पण त्याहून जास्त ओढ हॉट रॉडची आहे. अमेरिकेतल्या त्या जुन्या फोर्ड, मडगार्ड काढलेले, इंजिन उघडं, मागची चाकं रुंद. जीपचं तसं काहीतरी करावं असं डोक्यात आहे. मोठं डिझेल इंजिन, रुंद टायर, पुढची काच पाडलेली. हरियाणातल्या डबवालीकडे जीपा बनवून देतात, तिथले फोटो बघून बघून मन भरत नाही. अशा गाडीला तुमच्या रविवारी जागा आहे का? की फक्त मूळ गाड्या?

सातरस्ता

@लोबोनेट, माणूस म्हणून जागा आहेच. गाडीबद्दल मला कायद्याची बाजू नीट माहीत असलेल्या कुणीतरी लिहावं असं वाटतं. घाई करून कटर लावू नका, एवढंच आत्ता सांगतो. लो बॉनेट एकदा कापली की परत तशी होत नाही.

कागदपत्र

लोबोनेट, इथे मीच लिहितो. गाड्यांच्या कागदांचं काम मी रोज बघतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकात कंपनीनं दिलेलं जे वर्णन आहे, त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठाम सांगितलं. गाडी कंपनीनं जशी बनवली त्या मूळ रचनेत फरक करायचा नाही. रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करावी लागते. इंजिन खराब झालं तर त्याच प्रकारचं दुसरं बसवता येतं, परवानगी घेऊन. मंजूर सीएनजी किट किंवा मंजूर इलेक्ट्रिक किटही चालतं. पण चासी कापणं, बॉडी बदलणं, दुसऱ्याच जातीचं मोठं इंजिन घालणं यातलं काही रस्त्यावर चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते. तुमच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर तो माणूस तुमच्यामुळे नाडला जाईल, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या फायद्याचं. तुमची जीप पन्नास वर्षांवरची असणार. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्यानं नोंदणी करायची तर २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नंतर नूतनीकरणाला ५,०००. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. ज्या गाडीची आधीची नोंदणी आहे तिला जुना नंबर ठेवता येतो, आणि जुन्या माणसांचा जीव त्या नंबरातच असतो. या नोंदणीची मर्यादाही समजून घ्या : अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मूळ स्वरूप हीच पहिली अट असल्यानं तुम्ही जीप कापलीत तर हा दरवाजा कायमचा बंद होईल.

पन्नासच्या आतल्या गाड्यांबद्दल एक अफवा जोरात आहे, तीही इथेच मोडतो. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात" असं महाराष्ट्रात नाही. दिल्लीकडचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांनी आरटीओत तपासून घ्यायची, नोंदणीचं नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा आणि दर पाच वर्षांनी हेच पुन्हा. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी बरीच वाढली, ती जाताना चालू दर विचारूनच जा. पण गाडी तंदुरुस्त असेल तर तुमच्याकडून ती कुणी हिसकावून घेत नाही. या अफवेपायी सोलापुरातल्या कितीतरी चांगल्या पद्मिनी किलोच्या भावानं गेल्यात, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहिलं.

अंबी_मार्क३

कागदपत्र, तुमचा हा प्रतिसाद छापून खिशात ठेवण्यासारखा आहे. आमच्या कॉलनीत एक जण याच भीतीनं गाडी विकायला निघालाय, त्याला पाठवतो.

जुळे_सोलापूर_ते_पिंपरी

लोबोनेट, तुमची ओढ मला समजते. मी मूळचा जुळे सोलापूरचा, नोकरी पिंपरीत, काम गिअरबॉक्सचं. शाळेत असल्यापासून हॉट रॉडच्या इतिहासाचा नाद आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

हॉट रॉड जन्मली ती गरजेतून. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांकडे पैसे नव्हते, पण फोर्डच्या जुन्या गाड्या कवडीमोल भावानं मिळत होत्या. म्यूरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी होती, मैलोन्‌मैल सपाट आणि टणक. पोरं गाडीचे मडगार्ड, छत, बंपर, जे वजन वाढवतं ते सगळं उतरवायची आणि तिथे जाऊन किती वेग निघतो ते मोजायची. १९३२ मध्ये फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं, साधारण ३.६ लिटर, ६५ हॉर्सपॉवर. त्या इंजिनानं या छंदाला पंख दिले. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना केली, वेळ मोजायचे आणि सुरक्षेचे नियम ठरवले. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी लष्करात शिकलेलं यंत्रकाम यात ओतलं. रस्त्यावरच्या शर्यतींत माणसं मरायला लागली तेव्हा १९५१ मध्ये आणखी एक संघटना निघाली. तिचा सगळा भर पोरांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त पट्टीवर नेण्यावर होता. म्हणजे या छंदातही शिस्त होतीच, आणि ती पोलिसांनी लादण्याआधी गाडीवाल्यांनी स्वतः लावली.

आपल्याकडेही याचं भावंड होतं. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातली धावपट्टी होती, तिथे वर्षानुवर्षं शर्यती व्हायच्या आणि त्यांत साध्या फियाट ११०० आणि हेराल्ड पळायच्या. बाहेरून गाडी तुमच्या-आमच्यासारखी. आत हेड फेस करून कॉम्प्रेशन वाढवलेलं, पोर्ट हातानं घासून गुळगुळीत केलेले, दोन कार्बोरेटर, हलकं केलेलं फ्लायव्हील. मोठं इंजिन आणायला पैसे कुणाकडे होते? आहे त्याच इंजिनातून शेवटचा थेंब काढायचा. मला विचाराल तर हॉट रॉडचा खरा जीव तिथे आहे, रुंद टायरमध्ये नाही.

आता तुमच्या जीपकडे येतो. लो बॉनेटचं ते इंजिन सुमारे २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं. पुढे कंपनीनं त्याच ब्लॉकवर वर व्हॉल्व्ह असलेलं उंच हेड बसवलं, ते खाली मावेना म्हणून बॉनेट उंच करावं लागलं, आणि ती आपली हाय बॉनेट. म्हणजे तुमच्या जीपचा तो बुटका चेहरा तिच्या आतल्या इंजिनामुळे आहे. तुम्ही आत डिझेल घातलंत तर त्या चेहऱ्याला काही कारणच उरणार नाही. शिवाय ब्रेक बघा, नऊ इंची ड्रम. साठ हॉर्सपॉवरला ते पुरतात, दुप्पट ताकदीला पुरणार नाहीत. बार्शीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली तर काय होईल?

त्यापेक्षा असं करा. इंजिन पूर्ण खोला, सिलिंडरचा बोअर मोजा, लागेल त्या ओव्हरसाइजचे पिस्टन घाला. फिरणारे भाग बॅलन्स करून घ्या, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वजनकाट्यावर ठेवून एकसारखे करा. या एका कामानं जुनं इंजिन इतकं मऊ चालतं की तुमचाच विश्वास बसणार नाही. वाटलं तर दुसऱ्या एखाद्या सुट्या इंजिनावर प्रयोग करा आणि ते स्टँडवर चालवून दाखवा. तसं इंजिन रविवारी आणलंत तर ते बघायला मी पिंपरीहून येईन.

लोबोनेट

सर, बॉनेटची ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. काल रात्री बॅटरी घेऊन जाऊन पुन्हा नीट बघितली गाडी. कापायचा विचार सोडला. एका ओळखीच्याच्या विहिरीवर याच जातीचं इंजिन पंपाला जोडलेलं होतं, ते आता बंद पडून आहे. मागून बघतो.

चाकामागे

सगळ्यांना नमस्कार. सासऱ्यांची पद्मिनी गेली काही वर्षं मीच चालवते. मामंजींचे गुडघे दुखतात, नवऱ्याला गिअरचं हँडल जमत नाही. मला जमतं आणि आवडतंही. बाजारात गाडी लावली की कुणीतरी येऊन "अक्का, आमच्याकडं पण होती" म्हणतं आणि मग त्यांच्या घरातली सगळी माणसं त्या गाडीत बसून कुठे कुठे गेली होती ते सांगतं.

अडचण अशी आहे की एप्रिल-मे महिन्यात दुपारी विजापूर वेशीतल्या गर्दीत गाडी हमखास बंद पडते. सेल्फ फिरतो, पण इंजिन घेत नाही. मामंजी इंजिनाला बसवलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायला सांगतात. दहा-पंधरा मिनिटांनी चालूही होते. पण दरवेळी पाण्याची बाटली घेऊन बॉनेट उघडायचं का? कायमचा काही उपाय आहे का? आणि आता त्या इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या गाड्या खराब होतात म्हणतात, ते कितपत खरं?

टर्नर_एमआयडीसी

ताई, मामंजींचं निदान बरोबर आहे. आधी कारण सांगतो, मग उपाय.

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल तो ओढून आणतो. ओढताना नळीत दाब कमी होतो. दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेलाही उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो, वर इंजिनाची धग, गाडी गर्दीत उभी, पंख्याला वारा नाही. नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा वाफ नुसती दाबतो-सोडतो, पुढे ढकलत नाही. ओल्या फडक्यानं वाफेचं परत पेट्रोल होतं, म्हणून गाडी घेते.

उपायाची सुरुवात रेडिएटरपासून करा. जुन्या कोरमध्ये आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार इतका साचलेला असतो की निम्म्या नळ्या बंद. कोर उघडून सळईनं साफ करून घ्या आणि यापुढे बोअरचं पाणी घालू नका. मग ठिणगीचं टायमिंग तपासा, ते मागे पडलं असेल तर इंजिन विनाकारण तापतं. त्यानंतर पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जात असेल तर लांबून फिरवून घ्या, मध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आड करा. पंप आणि ब्लॉकच्या मध्ये जो जाड बेकेलाइटचा तुकडा असतो, तो कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला असतो. तो बसवाच, नसेल तर मी बनवून देतो, पण पंपाची दांडी त्याच मापात बसली पाहिजे, त्यामुळे पंप सोबत आणा. एवढं करून भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. मागून ढकललेलं पेट्रोल ओढलेल्या पेट्रोलइतकं सहज वाफ धरत नाही. त्याला स्वतंत्र स्विच आणि फ्यूज लावल्याशिवाय मात्र चालवू नका.

इथेनॉलचं म्हणाल तर आपला जिल्हाच साखर कारखान्यांचा, ऊस आपलाच, त्यामुळे त्याला नावं ठेवणं मला जमत नाही. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो. पण आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, हेही खरं. आधी २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पाच वर्षं आधीवर आणलं आणि २०२५ मध्ये देशभर तेच पेट्रोल आलं.

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे एक सोलेक्स कार्बोरेटर आला होता. गाडी काही महिने उभी होती. फ्लोट चेंबरचं झाकण उघडलं तर तळाला पांढरट भुकटीचा थर, मीठ वाळल्यावर दिसतं तसा, आणि मेन जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या, तोंडाशी हिरवट कड. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी तळाला बसतं आणि कार्बोरेटरचा जस्ताचा धातू खातं. टाकीच्या पत्र्यालाही आतून तसाच गंज धरतो. म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी गच्च भरून ठेवा, हवा कमी तर ओलावा कमी. फार दिवस ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

दुसरं, रबर. जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलनं फुगतो, मऊ होतो आणि एक दिवस फाटतो. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला बोलावणं आहे, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका. व्हायटॉनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, नळ्या घ्या, महाग असतात तरी घ्या. मला एकदा एका दुकानातून तशी म्हणून दिलेली नळी दोन महिन्यांत बोटानं दाबली तर पिचकायला लागली. तेव्हापासून मी नवीन नळीचा तुकडा आठवडाभर पंपावरच्या पेट्रोलात बुडवून ठेवतो. फुगला नाही तरच गाडीला लावतो. हे घरीही करता येतं, काचेची बरणी आणि घट्ट झाकण घ्या, सावलीत आणि चुलीपासून लांब ठेवा.

तिसरं, जेट. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. आणि तुमच्या इंजिनाचं काम २००० च्या आधी झालेलं असेल तर व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, जुन्या मऊ सीटना ते शिसंच सांभाळत होतं. आता त्या झिजून खाली बसतात आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जातो.

चाकामागे

दादा, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. पंप काढून तुमच्याकडे आणते. रेडिएटरमध्ये आम्ही बोअरचंच पाणी घालत होतो.

होटगीरोड

धागा छान चाललाय. माझा एक वेगळा मुद्दा. माझी प्रीमियरची ११८ एनई मी पूर्ण नवी करून घेतली, मेटॅलिक रंग, क्रोम, आतून नवं रेग्झिन. अशा गाड्यांना बक्षीस ठेवलं तर लोक आपापल्या गाड्या सजवतील आणि गर्दीही होईल. दिल्लीत १९६४ पासून रॅली भरते, तिथे परीक्षण असतंच ना?

सातरस्ता

@होटगीरोड, तुमची गाडी जरूर आणा, मेहनत दिसतेच. पण बक्षिसाला माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे. बक्षीस आलं की ज्याच्याकडे पैसे जास्त त्याची गाडी पुढे आणि ज्याच्या गाडीचं दार तारेनं बांधलंय तो पुढच्या महिन्यात यायचाच नाही. मला तोच माणूस हवाय. त्याच्या दाराचं काम आपण सगळ्यांनी मिळून त्या सकाळी केलं तर मला जास्त आनंद होईल.

रंगाबद्दलही सांगतो. मूळ रंग कितीही विटला तरी तो एकदाच असतो. पॉलिश करून बघा, खालून बराच निघतो. पत्रा सडला असेल तरच हात लावा.

अंबी_मार्क३

बक्षिसाबद्दल मी धागाकर्त्याच्या बाजूनं. परीक्षण दिल्लीच्या रॅलीला शोभतं, तिथे राजेरजवाड्यांच्या गाड्या येतात. इथे दुरुस्तीच होऊ द्या.

दमाणीनगर_पोरगा

मी धागा पहिल्यापासून वाचूलालो. आयटीआयला आहे, मोटार मेकॅनिक ट्रेड. माझ्याकडं गाडी नाही, घरी पण कधी नव्हती. आम्हाला वर्गात कार्बोरेटर कापून दाखवलेला आहे, चालू गाडीवरचा कधी हातात आला नाही. गाडी नसलेल्यांना यायला चालतंय का? पाना धरायला, गाड्या पुसायला काय बी करतो.

टर्नर_एमआयडीसी

बाळा, तू तर आधी ये. पुसायला नाही, उघडायला. सोलेक्सचा एक जुना कार्बोरेटर माझ्याकडे सुटा आहे, तो तुझ्यासाठी घेऊन येतो. आधी मिस्त्री एकदा खोलून दाखवतील, मग तू खोलायचा आणि जोडायचा. मित्र असतील तर त्यांनाही आण.

सातरस्ता

दमाणीनगरच्या भावानं प्रश्न विचारला ते बरं झालं. गाडी असो-नसो, सगळे या. उलट मी असं सुचवतो की आयटीआयच्या मुलांना वर्गणी नको आणि मिस्त्रींच्या शेजारची जागा त्यांचीच.

जागेबद्दल फोनवर काही जणांशी बोललो. होम मैदान मोकळं असतं, पण जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा दुसरी सोय बघावी लागेल, आणि तिथे सावलीही नाही. किल्ल्याजवळ पार्किंगची पंचाईत. विजापूर रोडला संभाजी तलावाच्या बाजूला झाडं आहेत, सकाळी वर्दळ कमी असते, मला ती जागा बरी वाटते. महापालिकेची आणि वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मात्र एकही गाडी उभी करायची नाही. तो अर्ज कागदपत्र आणि मी मिळून करतो. वेळ सकाळी साडेसहा ते नऊ, म्हणजे उन्हाळ्यातही जमेल.

जमिनीवर ऑइल सांडू द्यायचं नाही. प्रत्येकानं गाडीखाली ठेवायला पत्र्याचा ट्रे किंवा जुनं बारदान आणायचं. एक अग्निशामक सिलिंडर मी आणतो, ज्यांच्याकडे आहे त्यांनीही आणा. पेट्रोलची कामं चालू असताना विडी-सिगारेट नाही, मग तो कितीही मोठा मालक असो.

सगळं जमलं की थंडीत एकदा नळदुर्गला जाऊ. हैदराबाद रस्ता आता चांगला आहे, पण कंटेनर सुसाट येतात. आपण डावी लेन धरून पन्नास-साठनं जायचं, सगळ्यात संथ गाडी पुढे आणि टर्नरदादांची गाडी हत्यारांसकट मागे.

कागदपत्र

अर्जाचा मसुदा तयार करतो. नळदुर्गला निघण्याआधी सगळ्यांचा विमा आणि पीयूसी चालू आहे का ते मी एकदा बघणार, राग मानू नका. आणि ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट ज्यांनी अजून लावली नाही त्यांनी लावून घ्या, २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. जुन्या मालिकेच्या नंबरांना ऑनलाइन अडचण येत असेल तर आधी आरटीओत जाऊन गाडीची नोंद संगणकावर चढली आहे का ते तपासा. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

टॉवेलवाला

मंडळी, माझ्याकडे जुनी गाडी नाही. अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत, टेरी टॉवेलचे. अंबीकाकांचं लिहिणं वाचून आठवलं, सरकारी अँबॅसेडरच्या सीटवर पांढरे टॉवेल असायचे. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्याच गावातल्या गाड्यांवर बाहेरचं कव्हर का असावं? पहिल्या रविवारी येणाऱ्या प्रत्येक गाडीला सीटचा टॉवेल माझ्याकडून. विकत नाही, भेट म्हणून. किनारीला रंगीत पट्टा हवा असेल तर सांगा, गाडीच्या रंगाला साजेसा काढतो.

अंबी_मार्क३

अहो, काय बोलायचं आता! पांढराच द्या, निळी किनार. आमच्या गाडीत वडील होते तेव्हा तसाच होता.

चाकामागे

पद्मिनीची पुढची सीट सलग आहे, बाकासारखी. तिला एकच लांब टॉवेल लागेल का दोन? मामंजी म्हणतात एकच घ्या, दोन असले की मध्ये सरकतात.

टॉवेलवाला

मामंजींचं बरोबर आहे ताई, एकच काढतो. सीटची रुंदी आणि पाठीची उंची इंचात मोजून इथेच टाका. बाकीच्यांनीही गाडीचं नाव आणि मापं लिहा, याच आठवड्यात ताणा लावायचा आहे.